फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशा जुन्या यंत्रांना लिनक्स हाच स्वस्त आसरा उरला, आणि सातारा-सांगलीतल्या आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक तक्रार वारंवार येणार हे उघड झाले: ‘लिनक्स टाकल्यापासून नेट चालत नाही.’ त्यावरचा आपल्याकडचा रामबाण म्हणजे फॉरमॅट मारणे. ही सवय घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फॉरमॅटमध्ये दोन तास जातात, ग्राहकाचे फोटो जातात आणि बिघाड बहुधा जागेवरच राहतो, कारण तो त्या डिस्कवर नसतोच.

गळीत हंगामात तर हे हमखास समजावे. विजेच्या खांबांवरून लोंबणारी फायबर उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉलीत अडकून तुटते. वाळवा-कराडकडे काम करणाऱ्याला हे सांगायला नको. घरातल्या फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर कीबोर्डला हातही लावू नये, सरळ लाइनमनला फोन करावा. वळवाच्या विजांनी लॅनचा पोर्ट जळालेला असतो, तीही यातलीच गोष्ट. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, तरी ‘आयपी लिंक’मध्ये ‘नो-कॅरियर’च दिसत असेल, तर कार्ड गेले.

दिवे ठीक असतील तर तीन पिंग पुरतात: आधी राउटरला, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटरच मिळत नसेल तर दोष घरात आहे. राउटर मिळतो पण पुढे जात नाही, तर दोष लाइनचा किंवा राउटरच्या लॉगिनचा. आकडा मिळतो आणि नाव मिळत नाही, तर डीएनएस. इथे आपली बरीच मंडळी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडतात, त्यात १२७.०.०.५३ बघून दचकतात आणि ते खोडून हाताने दुसरा पत्ता लिहितात. १२७.०.०.५३ हा पत्ता चुकीचा नसतो. उबंटूची स्वतःची नावे शोधणारी सेवा तिथे बसलेली असते, आणि हाताने लिहिलेले बहुधा पुन्हा सुरू केल्यावर पुसले जाते. बदल करायचाच तर नेटवर्क मॅनेजरमध्ये, त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये करावा.

तिन्ही पिंग नीट जातात, तरी काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, हा बिघाड फसवा. पीपीपीओई जोडणीत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्या व्यवस्थेलाच लागतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ चेच पाकीट जाते. पाकीट तोडायला मनाई करून १४६४ आकाराचा पिंग जातो आणि १४७२ चा अडकतो, तर राउटरमध्ये एमटीयू १४९२ करून बघा.

शाळांच्या लॅबमधली एक गोष्ट मात्र जरा सावकाश वाचावी. उन्हाळी सुट्टीत बंद राहिलेल्या जुन्या यंत्रांतला मदरबोर्डवरचा सेल संपतो आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. पिंग चालतो, डीएनएस चालतो, पण ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित ठरवतो, कारण त्याच्या लेखी तिचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही. एरवी उबंटू-मिंट नेटवरून वेळ जुळवून घेतात. लॅबच्या फायरवॉलने यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट अडवला असेल तर तेही होत नाही. अशा यंत्राला दहा वेळा फॉरमॅट मारला तरी घड्याळ मागचेच. सीआर २०३२ चा एक सेल घाला, तारीख लावा, काम झाले.

ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड असलेल्या जुन्या लॅपटॉपचे रडगाणे वेगळे: नेट आणायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय काम भागते. सिक्युअर बूट चालू असेल तर पुन्हा सुरू करताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर की नोंदवावी लागते. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले की ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि शिव्या लिनक्सला.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. दुकानात स्क्रूड्रायव्हर धरणारे आणि कॉलेजात टर्मिनल उघडणारे हे दोघे महिन्यातून एकदा तरी एका टेबलाशी बसले पाहिजेत. मुलांना एमटीयू ठाऊक असतो, आपल्याला ट्रॉली ठाऊक असते.

तोवर प्रत्येकाने दुकानात एक वही ठेवावी: कार्डाचे नाव, लक्षण, काय केल्यावर चालू झाले. ग्राहकाचे नाव-नंबर गाळून त्यातल्या निवडक नोंदी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून त्यांना दोन पाने राखून ठेवली आहेत.