म्हाताऱ्यांची शर्यत

सातारा जिल्ह्यातील औंध हे पूर्वी एका छोट्या संस्थानाचे मुख्य गाव होते. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांना व्यायामाचे वेड होते. साठी उलटली तरी त्यांनी रोजचे सूर्यनमस्कार सोडले नाहीत. राजाच तो, त्याला वेळ आणि दूधतूप कमी नव्हते, असे कोणी म्हणेल. मग बारामतीच्या लता करे यांचे काय? मजुरी करणाऱ्या या बाई साठीनंतर, पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून, लुगडे नेसून अनवाणी शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला. औषधपाण्यासाठी अशी धाव घ्यावी लागावी, याची मात्र मला लाज वाटते.

वृद्धांनी व्यायाम करावा, हे सर्वांना मान्य आहे. शर्यतीचे नाव काढताच लोक हसतात. "या वयात पडलात तर?" ही भीती खोटी नाही, डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी धावू नये. पण शर्यतीची तारीख ठरली की माणूस रोज पहाटे उठून चालू लागतो. नुसत्या उपदेशाने तो उठत नाही.

पंजाबचे फौजा सिंग २००० साली, ८९ व्या वर्षी, लंडनला पहिली मॅरेथॉन धावले. २०११ मध्ये टोरंटोला शंभराव्या वर्षी त्यांनी ४२ किलोमीटर पुरे केले. आठ तासांहून अधिक वेळ लागला. तरीही जन्माचा दाखला नाही म्हणून गिनीज बुकाने विक्रम नोंदवला नाही. त्या काळी खेड्यात दाखला कोण देत होते! पुढे २०२५ मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

वृद्धांच्या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात, त्यामुळे ऐंशीच्या माणसाला साठीच्या माणसाशी झुंजावे लागत नाही. २०१७ मध्ये ऑकलंडला मान कौर १०१ व्या वर्षी शंभर मीटर धावल्या. त्यांच्या गटात दुसरे कोणीच नव्हते! ही कसली शर्यत, असे तुम्ही विचाराल. घड्याळाशी तर होती. त्यांना ७४ सेकंद लागले.

औंधला पौषात यमाईची यात्रा भरते. आपल्याकडील यात्रांत तरुणांच्या कुस्त्या होतात. मग साठीवरच्यांसाठी सपाट रस्त्यावर शंभर पावलांची शर्यत का नसावी? तुमच्या गावच्या उरुसातही ती ठेवता येईल. घरी नानांना विचारून पाहा. आधी ते हसतील, मग हळूच विचारतील, "आणखी कोणकोण धावणार आहे?"