फावला वेळ म्हणजे कोणाचा वेळ?

गेल्या वर्षी आगोटीच्या तोंडावर आम्ही घरभेटींसाठी आमच्या धर्मग्रामातील एका आळीत गेलो होतो. एका घरी चहा येईपर्यंत आमची नजर कपाटाच्या माथ्यावर ठेवलेल्या वळकटीकडे गेली. पाहुण्यांचे अंथरूण असावे असे समजून आम्ही सहज विचारले. घरातील माउलीने संकोचतच ती खाली काढली आणि पलंगावर उलगडली.

ती गोधडी होती, पण अंगावर घ्यायची नव्हे. मधोमध कापडावर रंगांनी चितारलेले बावखल, काठावर केळीची बाग, एका कडेला रहाट. भोवती सासूबाईंच्या लुगड्याचे, मुलाच्या शाळेच्या गणवेशाचे आणि मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या झग्याचे तुकडे जोडलेले. या सर्वांवरून बारीक धावदोरा घातला होता. पाण्यावर तो वर्तुळे घेत पसरत होता आणि केळीच्या पानांवर शिरांसारखा तिरपा उतरत होता. हे बावखल आता बुजवले गेले आहे, असे त्या माउलीने सांगितले. तिला अडीच वर्षे लागली होती.

आम्ही काही बोलण्याआधीच घरधनी म्हणाले, "अहो फादर, फावल्या वेळात करते काहीतरी. तेवढाच तिचा वेळ जातो." आणि आम्ही, ज्यांनी सेमिनरीत सौंदर्यशास्त्राचे पाठ घेतले, ते मान डोलावून म्हणालो, "छान, छान. विरंगुळा हवाच." चहा घेतला, घराला आशीर्वाद दिला आणि निघालो. उंबऱ्यातून मागे पाहिले, तेव्हा वळकटी पुन्हा कपाटावर चढत होती.

त्या दिवसापासून 'फावला वेळ' हे दोन शब्द आमच्या घशात अडकले आहेत. ज्या शब्दांनी आपण सगळेच, आम्ही धर्मगुरूसुद्धा, घरोघरीच्या कलावंत स्त्रियांचे श्रम निकालात काढतो, त्या शब्दांचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

त्या घरातील दिवस पाहा. पहाटे पाणी भरणे, तीन डबे, म्हाताऱ्या सासूचे औषध, साडेसातची लोकल, नोकरी, परतताना भाजी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रोझरी, जेवण, भांडी. दहा वाजले. यात वेळ फावला कोठे? त्या माउलीने आपल्या झोपेतून दररोज पाऊण तास काढला आणि तो त्या कापडात घातला. झोप मोडून मिळवलेल्या वेळेला 'फावला' म्हणणे हा भाषेचा नव्हे, न्यायाचा प्रमाद आहे.

याउलट त्याच घरातील मुलगा रविवारचा अख्खा दिवस क्रिकेटच्या सामन्यांना देतो. घरधनी बँडच्या तालमीला जातात आणि त्यांचे जेवण झाकून ठेवले जाते. यांना कोणी 'वेळ घालवणे' म्हणत नाही. मुलाचा तो 'खेळ' असतो, बापाची ती 'कला' असते. सामने आणि तालमी बंद कराव्यात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एकाच घरात दोन मापे वापरली जातात, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

ज्यांना हे काम हातचा मळ वाटते, त्यांनी ते एकदा जवळून पाहावे. कापड आधी धुऊन त्याची खळ काढावी लागते, नाहीतर रंग धाग्यात मुरत नाही. रंग पातळ ठेवावा लागतो, कारण जाड थर वाळून कडक झाला की सुई जात नाही, आणि जोर करून घातली तर भोक कायमचे राहते. रंग वाळल्यावर कापड उलट्या बाजूने इस्त्री करून तो पक्का करायचा. मग वरचे कापड, मधला थर आणि अस्तर यांना कच्चा दोरा घालून एकत्र बांधायचे, आणि त्यानंतर खरा धावदोरा. रंगाने जे सपाट दिसत होते, त्याला या टाक्याने उठाव येतो. टाका जवळ घातला की कापड बसते, दूर घातला की फुगते. डोंगर कोठे उचलायचा आणि पाणी कोठे दाबायचे, याचा निर्णय सुईच्या टोकावर होतो. हे सारे मध्येच उठून दूध उतवत, दार उघडत, हाक आली की धावत करायचे. टाका जेथे थांबला तेथून पुन्हा सुरू करता येतो. पण मनात धरलेले चित्र प्रत्येक हाकेनंतर नव्याने गोळा करावे लागते, आणि तो थकवा घरात कोणालाच दिसत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की आधी घर, मग कला. आईने घराकडे दुर्लक्ष करावे, असे कोणी म्हटले आहे? प्रश्न एवढाच आहे की तासभर भांडी दुसऱ्या कोणी घासली, तर घर मोडते काय? अमेरिकेतील फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. 1930 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मलेल्या आणि 2024 साली निधन पावलेल्या या बाई दोन मुलींची आई होत्या, आणि 1955 पासून 1973 पर्यंत त्यांनी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकवले. घर आणि नोकरी सांभाळतच त्या रंगवीत राहिल्या. 1972 साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांनी कापडाची चौकट असलेली तिबेटी थंका चित्रे पाहिली. मोठी चित्रे हलवणे ही त्यांची जुनी अडचण होती. कापडावरचे चित्र गुंडाळून नेता येते, ही गोष्ट त्यांनी हेरली. त्यांच्या आई विली पोझी कपडे शिवणाऱ्या आणि वेशभूषाकार. 1980 साली मायलेकींनी मिळून पहिली रंगवलेली गोधडी केली. पुढे 1988 साली केलेली त्यांची 'टार बीच' ही कथागोधडी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या ताब्यात आहे. इमारतीच्या गच्चीवर पत्ते खेळत बसलेली वडीलमंडळी, अंथरुणावर पहुडलेली मुले आणि पुलावरून आकाशात उडणारी आठ वर्षांची मुलगी, असा तिचा विषय आहे. हे चित्र संसारातूनच आले. मात्र त्या बाईंना शिवून द्यायला आई होती. आपल्या घरी 'आण, तो काठ मी शिवते' असे म्हणणारे कोण आहे?

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा: गोधडी ही हस्तकला, तिला ललित कला कसे म्हणावे? या मंडळींनी निर्गमच्या पुस्तकातील पस्तिसावा अध्याय उघडावा. निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलला आपल्या आत्म्याने भरले असे तेथे सांगितले आहे, आणि त्या कौशल्यांत कोरीव कामाबरोबर भरतकाम आणि विणकामही मोजले आहे. सूत कातणाऱ्या स्त्रियांचा उल्लेखही तेथेच आहे. पवित्र शास्त्राने जी पायरी केली नाही, ती आपण कोणत्या अधिकाराने करतो?

आणि हॅरिएट पॉवर्सचे नाव तर प्रत्येक ख्रिस्ती घरात ठाऊक असायला हवे. 1837 साली जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेली ही काळी स्त्री अनेक मुलांची आई आणि शेतकऱ्याची बायको होती. तिने बायबलमधील प्रसंगांची एक गोधडी केली. एदेन बाग, काइन आणि हाबेल, याकोबाचे स्वप्न, प्रभूचा बाप्तिस्मा, अखेरचे भोजन, क्रूसावरील मरण, पवित्र कुटुंब, असे एकूण अकरा चौकोन. 1886 साली अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात ती मांडली गेली. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएटने नकार दिला. काही वर्षांनी दिवस वाईट आले तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन आली. दहा डॉलर सांगितले, पाच मिळाले. देण्याआधी तिने प्रत्येक चौकोनाचा अर्थ समजावून सांगितला, आणि नंतरही ती आपल्या गोधडीला भेटायला पुन्हा पुन्हा येत राहिली. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिची दुसरी गोधडी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तिच्या हातच्या ज्ञात अशा या दोनच गोधड्या उरल्या आहेत. चौकोनांचा अर्थ आपल्याला आज कळतो, याचे कारण एका शिक्षिकेने तो विचारला आणि लिहून ठेवला.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्या स्त्रियांचा आहे, आणि त्याचा मान ठेवून उत्तर दिले पाहिजे. त्या म्हणतात, "आम्हीही गोधड्या शिवल्या, फादर, पण पोरांना पांघरायला. भिंतीवर टांगायची गोधडी काय कामाची?" यात तथ्य आहे. थंडीत लेकराला ऊब देणाऱ्या गोधडीपेक्षा टांगलेली गोधडी श्रेष्ठ, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण पांघरायच्या गोधडीतही निव्वळ ऊब कधी नव्हती. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आणि इतरांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि आपल्यासारखे कॅथोलिकही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. काठापासून सुरुवात करून टाका फिरत फिरत मधोमध येतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर त्या घडी घातलेले छोटे तुकडे शिवतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. त्या फुलांनी ऊब तसूभरही वाढत नाही. तरीही त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. आपल्या आजीने लाल ठिगळाशेजारी मुद्दाम पिवळे ठिगळ का लावले, हे तिला कोणी विचारले होते काय? आजची रंगवलेली गोधडी त्याच हाताची पुढची पिढी आहे.

चौथा आक्षेप सर्वांत सोज्ज्वळ, म्हणून सर्वांत घातक. 'ख्रिस्ती स्त्रीने नम्र असावे, नावाचा हव्यास कशाला?' देवळाच्या बाकांवर, पंख्यांवर आणि घंटेवर दात्यांची नावे कोरताना ही नम्रता कोणाला आठवत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापोची तबीथा मरण पावते, तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे. तिच्या हातचे कपडे हीच तिची साक्ष होती, आणि पवित्र लेखकाने तिचे नाव दोन भाषांत नोंदवले, तबीथा आणि दुर्कस. नाव नोंदवल्याने तिच्या नम्रतेला बाध आला काय?

येथवर आम्ही इतरांना बोल लावले. आता स्वतःच्या अंगणाकडे. आमच्याच देवळाच्या सणाला दोन वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या काही भगिनी विचारायला आल्या होत्या. वेदीमागे लावण्यासाठी कापडावर रंगवून आणि शिवून एक पडदा करावा, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही म्हणालो, "कशाला त्रास घेता? फ्लेक्स एका दिवसात छापून येतो." तो आला. सणानंतर आठवड्याने तो मंडपवाल्याच्या पोत्यांवर ताडपत्रीसारखा पसरलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. त्याच सणाच्या स्पर्धेत 'चित्रकला' गटाला रोख पारितोषिक होते आणि 'हस्तकला, महिला' गटाला स्टीलचे डबे. यादीखाली सही आमची होती. तेव्हा चहाच्या कपावरून मान डोलावणारे आम्ही त्या घरधन्यापेक्षा काकणभर अधिक दोषी आहोत.

म्हणून आमचे मागणे कौतुकाचे नाही. कौतुक पुष्कळ झाले. प्रत्येक घराने अशा हाताला आठवड्यातील एक संध्याकाळ नेमून द्यावी आणि त्या संध्याकाळी चूल दुसऱ्याने सांभाळावी. टेबलाचा एक कोपरा असा द्यावा, की वाळत ठेवलेला रंग जेवणाच्या ताटांसाठी उचलावा लागणार नाही. गोधडी पुरी झाली की कोपऱ्यात करणारीचे नाव आणि साल टाक्याने लिहिले जावे. कोणी विकत मागितली तर 'घरचेच तर कापड' म्हणून भाव पाडू नये. कापड जुने असेल, पण अडीच वर्षे जुनी नव्हती. आणि मुलांनी आईशेजारी बसून कोणता तुकडा कोणाचा, हे वहीत उतरवून घ्यावे. बुजवलेल्या बावखलाचे चित्र उद्या उरेलही, पण त्याच्या काठचे लुगडे कोणाचे, हे सांगणारे माणूस उरणार नाही.

आमच्यापुरते सांगायचे, तर येत्या सणाला फ्लेक्स येणार नाही, आणि स्पर्धेतील तो वेगळा गट आम्ही काढून टाकला आहे. मध्यंतरी त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी गोधडी उलगडायला सांगून पलंगाशी खुर्ची ओढून बसलो आणि एकेका तुकड्याविषयी विचारले. दीड तास गेला. घरधनी दारात उभे राहून ऐकत होते. रहाटाशेजारचा निळा तुकडा त्यांच्याच पहिल्या नोकरीच्या सदऱ्याचा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले.