लूत, करंजेल आणि कुत्र्याची जीभ



पाऊस लागला की साखळीत दोन गोष्टी ठरलेल्या. वाळवंटीचे पाणी चढते आणि वाड्यावरचे कुत्रे अंग खाजवू लागतात. लाल चिखल, ओले केस, दमट हवा. मग घराघरांतून औषधे सुचवली जातात. आमच्या मोतीसाठी यंदा एकाच आठवड्यात करंजेल, कडुनिंबाचे पाणी, खोबरेलात कालवलेला गंधक आणि गाडीचे जळके ऑइल, एवढे सल्ले मिळाले.

जळक्या ऑइलचा विषय आधी संपवतो, कारण ते अजूनही सर्रास लावतात. त्याने कातडी भाजते, आणि चाटून ते पोटातही जाते. नकोच.

बाकीच्यांना मात्र मी हसणार नाही. गंधकाची औषधे खरजेवर पशुवैद्यही वापरतात. कडुनिंबातले अ‍ॅझाडिरॅक्टिन किड्यांची वाढ रोखते. करंजेल तर आपल्याकडे गुरांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. प्रश्न औषधाचा नाही, कुत्र्याच्या जिभेचा आहे. कुत्र्याच्या अंगावर लावलेले थोड्या वेळात त्याच्या पोटात असते.

म्हणून गुरांचे औषध कुत्र्याला जसेच्या तसे चालत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गुरांच्या गोचिडींवर एक पारंपरिक मिश्रण सुचवते. त्यात लसूण, कडुनिंब, वेखंड, हळद, घाणेरीचा पाला आणि तुळस असते. गुरांसाठी उत्तम. पण लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडते आणि घाणेरी यकृताला बाधते. कोरफडीचेही तसेच: आतला गर ठीक, पण सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब. आणि बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारे टी ट्री ऑइल तर लांबच ठेवा. त्याच्या थोड्याशा थेंबांनीही कुत्र्याला कापरे भरते, पाय लटपटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘लूत’ हा एक रोग नव्हे. पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचे केस जातात पण खाज फारशी नसते, ती डेमोडेक्स नावाच्या किड्याची लूत. ती माणसाला लागत नाही. गोल चट्टा असेल तर बुरशीचा नायटा असू शकतो आणि तो मुलांना लागतो. कानाच्या कडा, कोपरे, पोट खाजवून लाल झाले असेल तर सार्कोप्टिसची खरूज. त्याचा त्रास घरच्या माणसांनाही होतो. नेमके काय आहे हे न बघता औषध चोपडणे म्हणजे एरर न वाचता कोड बदलत बसण्यासारखे आहे. (आमच्या धंद्यातही हे रोज चालते म्हणा.)

मोतीचे कान खपल्यांनी भरले होते आणि त्याच सुमारास माझ्या भाचीच्या हातावर पुरळ उठले. डॉक्टरांनी मोतीच्या कानाची कड दोन बोटांत धरून नुसती चोळली, तर त्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागला. सार्कोप्टिसची ही जुनी खूण. मग त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यात किडा सापडला नाही, तरी औषध सुरू केले, कारण या रोगात किडा बऱ्याचदा सापडतच नाही. वजनाप्रमाणे गोळी दिली. भाचीला तिच्या डॉक्टरांकडे नेले.

शेजारच्या काकींनी विचारले, “मग कडुनिंब फुकटच का रे?” फुकट नाही हो. दोन मुठी पाला तीन लिटर पाण्यात उकळायचा, गाळून पूर्ण गार करायचा आणि आंघोळीनंतर शेवटचे पाणी म्हणून अंगावर घालायचा, हे डॉक्टरांना विचारूनच आम्ही करतो. डोळे वाचवायचे. मग टॉवेलने पुसून कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. अंग सुकेपर्यंत मोती गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॉलरमध्ये रुसून बसतो. करंजेल आम्ही उघड्या जखमेवर कधीच लावत नाही.

गोचिडींना मात्र या पाण्याने फारसे काही होत नाही. मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. त्या भेगा बुजवाव्या लागतात, झोपायचे गोणपाट उन्हात टाकावे लागते. आणि कुत्रा तापाने मलूल झाला, जेवेनासा झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर पाला उकळत बसू नका. तो गोचिडींचा ताप असू शकतो. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.