बुरशी शिकून काय मिळणार?

पावाचा तुकडा चार दिवस डब्यात राहिला, की त्यावर हिरवट लव दिसू लागते. आपण नाक मुरडतो आणि तुकडा फेकून देतो. उर्दूत तिला फफूंद म्हणतात, मराठीत बुरशी. या बुरशीचे एक शास्त्र आहे आणि ते विद्यापीठात शिकवले जाते. त्याला कवकशास्त्र म्हणतात.

"बुरशी शिकून पोट कसे भरणार?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण हुशार मुलाने डॉक्टर किंवा इंजिनिअरच व्हावे, हा विचार मला अपुरा वाटतो.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी उगवली. तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. त्यांनी ती बशी नीट पाहिली. त्यातूनच पुढे पेनिसिलिन हे औषध मिळाले. आपली खमिरी रोटी फुगते, ती ज्या यीस्टमुळे, तीही बुरशीच!

अर्थात बुरशी जीवही घेते. २०२१ साली कोरोनाच्या साथीत 'काळी बुरशी' या रोगाने कितीतरी रुग्णांचे डोळे गेले. रुग्णाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही बुरशी वेळेवर ओळखणारा जाणकार नसेल, तर डॉक्टर तरी काय करणार?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. 'कवकशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच येते. औषध कंपन्या, यीस्टचे कारखाने, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा येथे ही कामे निरनिराळ्या नावांनी असतात. म्हणून आधी वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, मग एम.एस्सी.ला या विषयाकडे वळावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर बुरशींच्या जिवंत नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ज्याला झटपट पैसा हवा, त्याने या वाटेला जाऊ नये.

मला स्वतःला शेतीतले काम सर्वांत मोलाचे वाटते. त्यासाठी कृषी पदवीनंतर वनस्पतिरोगशास्त्र घ्यावे लागते. नाशिककडचा बागाईतदार द्राक्षाचे रोगट पान घेऊन येतो आणि मराठीतच विचारतो, "साहेब, ही भुरी आहे की केवडा?" दोन्ही रोगांत पानावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पण केवडा ज्या जीवामुळे होतो, तो खरे पाहता बुरशी नव्हेच. म्हणून भुरीवरची पुष्कळ औषधे केवड्यावर चालत नाहीत. उत्तर चुकले, तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि बागही हातची जाते.