गुढीला दार हवे

आज वर्षप्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक. म्हणून नव्या घराची नोंदणी या दिवशी करण्याची रीत मुंबई-पुण्यात चांगलीच रुजली आहे. परंतु घरबांधणीत खासगी पैसा उतरतो तो मुहूर्त पाहून नव्हे. जमिनीची किंमत, कर्जाचे व्याज, सरकारी कर आणि हाती पडणारा परतावा यांचा हिशेब जमला तरच तो येतो. न जमल्यास पाठ फिरवितो.

मुंबईचा इतिहास याला साक्षी आहे. गिरगाव-लालबागच्या अनेक चाळी खासगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठीच बांधल्या होत्या. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंना त्या संरक्षणाची नितांत गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि टंचाईवरचा तो उपाय अर्धशतक टिकला. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे मात्र जागचे हलले नाही. भाड्यासाठी बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. पैसा मालकीच्या सदनिकांकडे वळला आणि जुन्या चाळी टेकूंवर उभ्या राहिल्या. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याचा हेतूही उदात्तच होता. पण पुष्कळशी जमीन गरिबांच्या हाती पडण्याऐवजी दाव्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकली. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला.

१९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली. तरीही भाड्याची घरे पुरेशी उभी राहिली नाहीत. मुंबईत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्केच भरते; बँकेतील मुदत ठेव बहुधा याहून अधिक देते. म्हणजे घर घेणारा गुंतवणूकदार भाड्यावर नव्हे, तर किमतीच्या वाढीवर नजर ठेवून असतो. भाडेकरू घर सोडणार नाही, ही धास्ती त्यात भर घालते. म्हणून तो घराला कुलूप लावणे पसंत करतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, ती उगाच नव्हेत.

खर्चाचा भार हलका झाला की मागणी जागी होते, हेही दिसले आहे. २०२० च्या सप्टेंबरात राज्याने मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले, तेव्हा मंदीच्या छायेतही नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. पण अशा सवलतीचा लाभ ज्याच्यापाशी खरेदीची ऐपत आहे त्यालाच होतो. ज्याला केवळ परवडणारे भाडे हवे आहे, त्याच्या पदरात तिने काहीच पडत नाही.

आमच्या मते खरी निकड आहे ती भाड्याच्या घरांत पैसा पुन्हा आणण्याची. मालकाला ताबा परत मिळण्याची खात्री, भाडेकरूला ठरलेल्या मुदतीची हमी आणि तंट्यांचा शीघ्र निकाल, या तीन गोष्टी साधल्या तर बंद कुलपे उघडतील. गुढी उभारायची तर दार हवे; ते स्वतःच्या मालकीचेच असले पाहिजे, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.