पुन्हा बसायचं, पण कुठे?

'नीट'चा निकाल लागला की घराघरांत एक बैठक भरते. गुण कमी पडलेला मुलगा असेल तर प्रश्न असतो, "लातूरला पाठवायचं की कोट्याला?" मुलगी असेल तर प्रश्नच बदलतो, "आता हिचं काय करायचं?" उत्तरही ठरलेलं असतं. घरीच अभ्यास कर, पुढच्या वर्षी बघू.

मैत्रिणींनो, घरी बसलेल्या मुलीचं वर्ष कसं जातं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. 'एवीतेवी घरीच आहेस' एवढ्या एका वाक्यावर तिच्याकडे स्वयंपाक येतो, आजीचं आजारपण येतं, धाकट्याचा डबा येतो. पाहुणे 'बघायला' येऊ लागतात. दुसऱ्यांदा गुण कमी पडले की दोष तिच्या बुद्धीचा! २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली, त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. एमबीबीएसच्या जागा मात्र त्या वर्षी लाखाच्या थोड्याच वर होत्या. अशा चुरशीत रोजचे तीन-चार तास घरकामात गेले, तर निकाल आधीच लागल्यासारखा आहे.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न तासांचा विचारावा, असं मला वाटतं. कुठे राहिली तर तिचे तास तिचे राहतील? क्लासच्या दारावरचे पहिल्या आलेल्यांचे फोटो नंतर बघू.

दुसरी गोष्ट माहितीची. बारावीला कमी गुण आहेत म्हणून बारावीच पुन्हा दे, असा सल्ला सर्रास मिळतो. प्रवेशाची यादी लागते ती नीटच्या गुणांवर. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत पात्रतेपुरते गुण असले की पुरे. त्याहून कमी असतील तरच बारावीकडे वळावं. बायॉलॉजी न घेतलेल्या मुलीलाही आता वाट आहे. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून तो जादा विषय म्हणून दिला तरी चालतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. कमाल वयाची अट २०२२ मध्येच गेली. 'वय निघून चाललंय' हे वाक्य लग्नाच्या बाजारातलं आहे, नियमावलीत ते सापडणार नाही.

बाहेरगावी पाठवायचं ठरलं तर काय विचारायचं? मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत मिळेल का? केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं म्हटलं आहे. पण त्या सूचना आहेत, कायदा नव्हे, म्हणून हे आधी लेखी घ्यावं. वर्षभराची फी एकरकमी भरली की त्रास होत असूनही मुलगी तोंड उघडत नाही. क्लासमध्ये दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे विद्यार्थिनीलाही तक्रार करता येते. समितीत कोण आहे, हे बेधडक विचारावं. वसतिगृह किती लांब, रात्री परतायची सोय काय, हेही.

आणि पैसा? जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली तर तिचा लाभ होतो. निर्णय चांगलाच आहे, पण ही माफी प्रवेश मिळाल्यानंतरची. त्याआधीचं वर्ष घरच्या खिशावर, आणि मुलगा-मुलगी भेद होतो तो नेमका तिथेच.

इथे आपल्या संघटनांना काम आहे. रखमाबाई १८८९ मध्ये डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या, तेव्हा हितचिंतकांनी त्यांच्यासाठी निधी उभा केला होता. आपण निदान आपल्या कार्यालयाची एक खोली सकाळी सात ते रात्री नऊ अभ्यासिका म्हणून उघडू शकतो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिला टेबल, दिवा आणि शांतता मिळाली तर पुष्कळ मुलींना गाव सोडावंही लागणार नाही. निकालाच्या आठवड्यात आईवडिलांशी बोलायला दोघीजणी जाऊ शकतात.

एखादी म्हणेल, मला पुन्हा बसायचंच नाही, नर्सिंगला जायचंय. जरूर जावं. नर्सिंग काही कमीपणाचं नाही. फक्त तो निर्णय तिने घेतलेला असावा, तिच्या गैरहजेरीत भरलेल्या बैठकीने नव्हे.