रेंज गाडीची, रेंज घराची

‘रेंज’ हा शब्द आपल्याकडे आता दोन अर्थांनी चालतो. मोबाईलला रेंज असते किंवा नसते. विजेच्या गाडीची रेंज म्हणजे एकदा चार्ज केल्यावर ती किती किलोमीटर जाईल ते. या दोन रेंजांची गल्लत झाली की घरात काय होते, ते मी मध्यंतरी टिळकवाडीत आमच्या आण्णांकडे पाहिले.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. त्यांची सून धारवाडची, माहेरी कन्नड. नोकरीसाठी ती आठवड्यातून तीन दिवस स्वतः गाडी चालवत धारवाडला जाते, एका बाजूने सुमारे पाऊणशे किलोमीटर. तिच्याच आग्रहावरून विजेची गाडी आली. पंधरा दिवसांत पडद्यावर सूचना दिसू लागली : वाय-फाय जोडलेले नाही, अपडेट बाकी आहे. आण्णांनी निकाल दिला, “गाडीच सदोष. एखाद्या दिवशी कित्तूरजवळ बंद पडेल. विकून पेट्रोलची घ्या.” सून म्हणाली, “हंगेनिल्लरी, मामा!” पण तिचे ऐकतो कोण? गाडी गेली असती तर तिची नोकरीही अडचणीत आली असती.

मंडळी, आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गाडीची मोटर, ब्रेक, एसी आणि चार्जिंग यांना वाय-फाय लागत नाही. बेंगळूरची ‘रेवा’ २००१ साली रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यात कुठे वाय-फाय होते? तरी ती धावत होतीच. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांत स्वतःचे सिमकार्ड असते. नकाशासारखी किरकोळ कामे त्यावर होतात, मोठे अपडेट मात्र काही गाड्या वाय-फायवरूनच घेतात.

म्हणून अपडेटकडे दुर्लक्षही करू नये. अमेरिकेत २०१८ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्लाच्या मॉडेल ३ गाडीची चाचणी घेतली. ताशी ६० मैलांच्या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला १५२ फूट लागले. कंपनीने वायरलेस अपडेट पाठवले, आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. गॅरेजमध्ये न जाता १९ फूट वाचले! समोर रस्त्यावर म्हैस उभी असेल तर १९ फूट म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

आता दोष शोधायचा कसा? आमचा विषय मराठी असला तरी भाच्यांकडून एवढे शिकलो आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून गाडीला त्याच्याशी जोडा. जोडली गेली, तर गाडी ठीक आहे, अडचण घरच्या वाय-फायची. नाहीच जोडली, तर गाडीतले जुने नेटवर्क ‘फरगेट’ करा, पडदा रीस्टार्ट करा, पासवर्ड नव्याने घाला. तरीही जमले नाही तरच सर्व्हिस सेंटर गाठा. सगळे पुसून टाकणारा ‘फॅक्टरी रीसेट’ सुरुवातीलाच मारू नका.

आण्णांची गाडी हॉटस्पॉटला लगेच जोडली गेली. मग मोबाईल घेऊन गाडीत दारे लावून बसलो, तर घरच्या वाय-फायची जेमतेम एक दांडी. राऊटर माडीवर लोखंडी कपाटामागे, मध्ये जांभ्या दगडाच्या जाड भिंती, आणि गाडी पुढच्या अंगणात. जांभा उन्हाळ्यात घर गार ठेवतो, पण लहरींनाही अडवतो.

बहुतेक राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात. ५ ची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. २.४ ची थोडी संथ, पण लांब पोचते. अंगणातल्या गाडीसाठी २.४ बरी. तिचा चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवावा, कारण १२ आणि १३ हे चॅनेल काही उपकरणांना दिसतच नाहीत. राऊटरवर फक्त डब्ल्यूपीए-३ सुरक्षा असेल तर जुन्या धाटणीची यंत्रे अडखळतात. तिथे डब्ल्यूपीए-२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडावा. पासवर्ड काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. रिपीटर घ्यायचा असेल तर तो गाडीशेजारी नको, राऊटर आणि गाडी यांच्या मधोमध हवा.

आम्ही राऊटर अंगणाकडच्या खिडकीत आणला आणि गाडी २.४ वर जोडली. एक रुपया खर्च नाही. अपडेट बसत असताना गाडी चालवता येत नाही, म्हणून ते रात्री लावले. आण्णा दर दहा मिनिटांनी डोकावत होते आणि सून सांगत होती, “स्वल्प तडीरी, मामा.” सकाळी सूचना गेली होती. आण्णा काही बोलले नाहीत. फक्त सूनबाई निघताना फाटक त्यांनी स्वतः उघडले.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गाडीच्या पडद्यावर अशी सूचना आली तर घाबरू नका. आधी हॉटस्पॉट लावून पाहा, मग राऊटर कुठे ठेवला आहे ते पाहा. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर. आणि ती गाडी ज्या माणसाने आग्रहाने घरात आणली, त्याला बोल लावण्याचा तर त्याच्याही नंतर.